समोर बसणाऱ्याचा कान

पिपरी मेघे, वर्धा
२ फेब्रुवारी

दादा,

जय भीम. तुझा हैदराबादचा पत्ता मी नीलेशकडून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस, तो तुझा मित्र आहे आणि त्याने आधी बरेच दिवस नाहीच म्हटलं होतं.

हे पत्र तुझ्या डब्याबद्दल आहे. तू जाताना गिटारचा आवाज घडवणारा तो अँप मॉडेलर घरीच ठेवून गेलास. उन्हाळाभर तो कपाटावर कापडात गुंडाळलेला होता. ऑक्टोबरात, धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमापासून, मी तो वापरते आहे. तुला विचारलं नाही. आज विचारते. तू नको म्हटलंस तर मी तो नीट बांधून पाठवून देईन.

आपल्या गायन पार्टीत आता गिटार मी वाजवते. बाबा गातात, पेटी त्यांचीच, ढोलकीवर रत्नदीप आहेच. काकांचा मुलगा असून तो बाबांना जितका घाबरायला हवा तितका घाबरत नाही, हे तुला माहीत आहे. मी मात्र घाबरते. बाबांनी आपल्या दोघांना बोट धरून सूर दाखवले, मला अजून त्यांच्यासमोर वाजवताना परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

डब्यात इतक्या अँपचे आणि इतक्या स्पीकरच्या पेट्यांचे आवाज भरलेले आहेत की मी आधी नुसती नावं वाचत बसले. मग घरी हेडफोन लावून एक आवाज बनवला. गेन भरपूर, खाली बेस, वर घुमारा. खोलीत बसून वाजवताना वाटायचं, किती मोठं झालं सगळं. केळझरला कार्यक्रमाआधी तोच लावून पाहिला तर ढोलकी आणि पेटीच्या मध्ये तो कुठे बुडाला ते मलाच सापडेना.

मग बाबा नेहमीप्रमाणे समोर जाऊन बसले. आपल्या घरचा नियम तुला सांगायला नको. वाजवणाऱ्याने आपला आवाज ठरवायचा नाही, समोर बसणाऱ्याने ठरवायचा. बाबांचं बोट वर गेलं की वाढवायचं, खाली आलं की कमी करायचं. लहानपणी मला वाटायचं सगळ्याच घरांत असं असतं. केळझरला त्यांचं बोट वरच जात राहिलं आणि मी वरच्या आवाजांचा ट्रेबल वाढवत राहिले. शेवटी त्यांनी मान हलवली, "हां, आता वाजते."

लोकांना आवडलं. थोडा तिखट वाटला एवढंच कोणी कोणी म्हणालं.

तुला एकच विचारायचं आहे. तू साठवलेल्या आवाजांत एक 'नालवाडी' नावाचा आहे. त्यात वरचे आवाज छाटणारं ते हाय कटचं सेटिंग तू फारच खाली आणलेलं आहे. ते मुद्दाम आहे की राहून गेलं? मी तुझं काहीही पुसलेलं नाही. माझे आवाज रिकाम्या जागी ठेवते.

आई बरी आहे.

पौर्णिमा


२४ फेब्रुवारी

दादा,

तू पत्राला उत्तर लिहिलं नाहीस, पण नीलेशला मेसेज पाठवलास. त्याने तो मला दाखवला. "तिला सांग, हेडफोनवर आवाज बनवू नको. मोठ्या स्पीकरवर, कार्यक्रमात जेवढा मोठा असतो तेवढा मोठा करून बनव. गेन वाटतो त्याच्या निम्मा ठेव. घुमारा जवळजवळ बंद. हाय कट आहे तिथंच राहू दे, ते राहून गेलेलं नाही." एवढंच होतं. माझ्यासाठी किंवा घरासाठी काही नव्हतं. पण डबा परत पाठव असंही नव्हतं, म्हणून वापरते.

आधी एक दुरुस्ती करते. मागच्या पत्रात केळझरबद्दल मी लोकांना आवडलं असं लिहिलं, ते खरं नाही. पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर कानाला लावला होता. आई म्हणाली, "दात आंबले माहे." रत्नदीप तर परत येताना गाडीत म्हणाला, "पौर्णिमा, तुह्या गिटारीले वावरात नेऊन उभी कर. एक पाखरू फिरकणार नाई." सगळे हसले. बाबा पुढे बसले होते, ते हसले नाहीत. मला वाटलं रागावले असतील.

तुझ्या मेसेजप्रमाणे दुपारी विहाराच्या हॉलमध्ये नीलेशचे स्पीकर लावले आणि 'नालवाडी' सुरू केला. दादा, तो आवाज इतका चांगला आहे हे मला माहीत नव्हतं. गोल आहे, पण ढोलकीतून वाट काढतो. तार छेडल्यावर बोटाचं मांस लागल्यासारखं वाटतं. मी थोडं वाचलंही. खऱ्या गिटारच्या अँपचा स्पीकर फार वरचे आवाज काढतच नाही, ते त्याच्या कागदी पडद्यातच जिरतात. आपले कार्यक्रमाचे स्पीकर मात्र सगळं ओकतात. म्हणून डब्यातून निघतानाच ते वरचं छाटावं लागतं. तू हे सगळं केलं होतंस आणि कोणाला सांगितलं नव्हतंस. सांगू दिलं नसतं म्हणा.

मग बाबा आले. समोर बसले. एक कडवं ऐकलं आणि म्हणाले, "धार नाई. बोदा आहे."

तोच शब्द. मी त्या दिवसाबद्दल लिहिणार नाही असं ठरवलं होतं, पण आता लिहिते. मागच्या जयंतीला नालवाडीच्या मंचावर गाणं अर्ध्यात थांबवून बाबा माईकवर हेच म्हणाले होते. "अशू, आवाज बोदा येऊन राह्यला. तुह्याच्यानं होत नसन तं खाली उतर." तू म्हणालास, "बाबा, बरोबर आहे आवाज." ते म्हणाले, "मले शिकवतं का?" तेही माईकवरच गेलं. सगळी वस्ती समोर होती. तू गिटार खाली ठेवलीस आणि उतरलास, आणि उरलेला कार्यक्रम गिटारशिवाय झाला. सकाळी तू गेलास.

तेव्हा मला वाटलं होतं, तुझंच काही चुकलं असेल. बाबांचा कान आहे तो. त्याच कानाने आपल्याला शिकवलं.

हॉलमध्ये त्यांचं बोट वर गेलं. मी ट्रेबल वाढवला. परत वर. परत वाढवला. तिसऱ्यांदा माझ्याने होईना. मी नॉबवर हात ठेवला आणि फिरवलाच नाही. बाबा माझ्या हाताकडे बघत होते. त्यांचं बोट खाली आलं. म्हणाले, "हां. आता वाजते."

दमले असतील. सकाळपासून उन्हात हिंडले होते.

पौर्णिमा


१६ मार्च

दादा,

ते दमलेले नव्हते.

मी एक गोष्ट केली आहे आणि ती बरोबर होती की नाही हे मला ठरवता येत नाही. बाबा डोळे मिटून ऐकायला बसले होते. मी तेच कडवं परत परत वाजवलं. एकदा ट्रेबल पूर्ण चढवला, एकदा पूर्ण उतरवला. चढवलेला असताना मला माझंच वाजवणं सहन होईना, बाहेर विहाराच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं उठून गेलं. बाबांचा चेहरा हलला नाही. मधले आवाज थोडे हलवले की मात्र लगेच म्हणायचे, "हे काय केलं?" म्हणजे खालचं आणि मधलं त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ऐकू येतं. वरचं येतच नाही.

बाबांनी कापसाच्या जिनिंगमध्ये इतकी वर्षं काम केलं. त्या यंत्रांच्या आवाजात माणसं हाताने खुणा करून बोलतात, हे आपण जेवणाचा डबा द्यायला जायचो तेव्हा पाहिलेलं आहे. आणि कार्यक्रमात उभं राहायचं ते भोंग्याच्या शेजारी.

मी त्यांना न सांगता त्यांची परीक्षा घेतली. ज्यांनी शिकवलं त्यांची. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, "तुले आता समजलं? मी तं त्याहीच्या समोर आल्याशिवाय बोलतच नाई."

मी म्हटलं, "मंग दादा गेला तवा काऊन नाई सांगितलं?"

"गिटारीचं मले काय समजते? मले वाटलं, बायकोचं बोलनं कोनत्या नवऱ्याले आयकू येते." मग तिने तवा उतरवला आणि म्हणाली, "नको सांगू त्याहीले. आवाज हाच त्याहीचा मान आहे. तो काढून घेशीन तं काय राह्यते?"

तिचं मला पटतं. पण मग तुझं काय? तू वस्तीसमोर चुकीचा ठरलास आणि तू चुकीचा नव्हतास. मला हे माहीत आहे आणि मी गप्प बसले तर दरवेळी तुझ्या जागेवर उभी राहून मीही ते खोटं वाजवत राहणार. नॉबवर हात ठेवून न फिरवणं, ही युक्ती जयंतीपर्यंत चालेल. पुढच्या जयंतीलाही चालेल. बाबांना कळणार नाही, लोकांचे कान वाचतील, रत्नदीप नेहमी म्हणतो त्याप्रमाणे "सगळे खूश, मामला खतम." फक्त तू खोटा पडलेला तसाच राहशील.

मी बाबांना सांगणार आहे. तुला आधी लिहिते, कारण हे तुझं आहे. तुला त्यांना सांगायला नको असेल तर नीलेशकडे निरोप दे. पंधरवडाभर वाट बघते.

पौर्णिमा


६ एप्रिल

दादा,

तुझा निरोप आला नाही. मी सांगितलं. म्हणजे, तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही.

काल दुपारी हॉलमध्ये मी, रत्नदीप आणि बाबा होतो. मी बाबांच्या पुढ्यात जाऊन म्हटलं, "आज तुम्हीच फिरवा नॉब. मी वाजवते." त्यांना आवडलं. डब्यापुढे मांडी घालून बसले. खाली वाकून एकेका नॉबचं नाव वाचलं, मला विचारून घेतलं. मग मी वाजवायला लागले आणि त्यांनी ट्रेबल हळूहळू चढवत नेला. ते बरोबरच करत होते, ज्याला ऐकू येत नाही तो चढवणारच.

रत्नदीपने ढोलकी सोडून दोन्ही कान झाकले.

मी त्याला काहीच सांगून ठेवलेलं नव्हतं, हे तुला शपथेवर सांगते. पण तो झाकेल हे मला माहीत होतं. म्हणून ते प्रामाणिक होतं की नाही, ते तूच ठरव.

बाबांनी ते पाहिलं. "काय झालं बे?"

"काही नाई, काका."

"मंग कान काऊन झाकले?"

रत्नदीप माझ्याकडे बघायला लागला. मी मान खाली घातली. तो म्हणाला, "लय टोचते, काका."

बाबांनी नॉब पूर्ण उलटा फिरवला. मला म्हणाले, "वाजव." मी वाजवलं. रत्नदीपला विचारलं, "आता?"

"आता बोदा आहे. पन टोचत नाई."

"मले दोन्ही सारखेच लागले," बाबा म्हणाले. मोठ्याने नाही, हिशोब चुकला की म्हणतात तसं. थोडा वेळ ते नॉबवरची रेघ बघत राहिले. मग म्हणाले, "अशूचा कोनता होता? तो लाव."

मी 'नालवाडी' लावला. पूर्ण गाणं वाजवलं, कारण थांबल्यावर काय होईल याची मला भीती वाटत होती. बाबांनी डोळे मिटले नाहीत. सबंध वेळ रत्नदीपच्या तोंडाकडे बघत होते. रत्नदीप, जो कधी गंभीर होत नाही, तो सरळ बसून ऐकत होता.

"हा कसा आहे?"

"हा गोड आहे, काका."

"त्या दिवशी हाच होता?"

मी म्हटलं, "हो, बाबा. हाच होता." मग त्यांना ऐकू आलं की नाही कळेना, म्हणून त्यांच्या समोर जाऊन परत म्हटलं. ते मला जास्त कठीण गेलं.

त्यांनी डब्याचं बटण बंद केलं. वायरी स्वतः गुंडाळल्या. कार्यक्रमानंतर वायरी गुंडाळणं हे आपलं पोरांचं काम, त्यांनी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. एकेक वायर कोपरात घेऊन नीट वेटोळं केलं, टोक खोचलं आणि घरी निघून गेले. आज सरावाला आले नाहीत. पेटी तशीच आहे. आई माझ्याशी बोलते आहे, पण कामापुरतं.

जयंती तोंडावर आली आहे. नालवाडीच्या मंडळाने या वर्षीही आपल्यालाच बोलावलं आहे. बाबा गाणार की नाही, कोणी विचारायला धजत नाही.

मी बरोबर केलं असं मला अजून वाटत नाही. फक्त दुसरं काही करता येत नव्हतं असं वाटतं.

पौर्णिमा


२० एप्रिल

दादा,

बाबा गायले.

चौदाच्या सकाळी ते पांढरा सदरा घालून बाहेर आले आणि आईला म्हणाले, "तू समोर बस." आई म्हणाली, "मले काय समजते त्यातलं?" ते म्हणाले, "कान तं आहे ना तुले. मंग बस." संध्याकाळी नालवाडीच्या मंचासमोर आई प्लास्टिकच्या खुर्चीवर, लग्नात नवरीची आई बसते तशी अवघडून बसली. तिचं बोट एकदाच वर गेलं, तेही माझ्या गिटारसाठी नव्हे, बाबांच्या माईकसाठी. तुझ्या आवाजाला तिने काही केलं नाही. मीही नॉबला हात लावला नाही.

तू विचार करत असशील की बाबा माईकवर काही बोलले का. मी पण वाट बघत होते. प्रत्येक गाण्याच्या आधी वाटायचं, आता बोलतील. तोच मंच होता, बहुतेक तीच माणसं. नाही बोलले. गाणी चांगली झाली. उतरताना मंडळाचे धनंजयभाऊ म्हणाले, "नत्थूजी, औंदा गिटार मस्त वाजली." बाबा म्हणाले, "तो आवाज अश्वजितनं बनवलेला आहे. मागच्या सालीही तोच होता. चूक माही होती." हे एकट्या धनंजयभाऊंना सांगितलं. मी मागे वायर काढत होते म्हणून मला ऐकू आलं. एवढ्याने तुझी भरपाई होत नाही हे मला कळतं. जे झालं ते सांगितलं, वाढवून सांगितलं नाही.

परवा मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. जायला नाही म्हणाले नाहीत. काचेच्या खोलीत बसवून तपासलं. डॉक्टर मॅडमने कागदावरची रेघ दाखवली, अर्ध्यापर्यंत सरळ आहे आणि मग विहिरीत उतरावी तशी खाली जाते. म्हणाल्या, वरचे आवाज जवळजवळ गेलेले आहेत. बोलण्यातल्या शब्दांची कड त्यातच असते. समोर माणसाचं तोंड दिसलं तर ते जुळवून घेतात, त्यांना सवय झाली आहे. कानाच्या मशीनने फरक पडेल, सगळं परत येणार नाही. बाबा त्यांच्या ओठांकडे बघत होते. मग मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फोनवर त्यांना शब्द कळत नसतील. कोणी तरी बोलतंय एवढंच कळत असेल."

हे त्यांना ऐकू गेलं नाही. मी बाहेर आल्यावर त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं.

आम्ही ऑटोची वाट बघत लिंबाखाली उभे होतो. बाबा म्हणाले, "दिवाळीच्या सुट्यांत अशूचा फोन आलता."

मी म्हटलं, "हो. मीच तुमच्या हातात दिला होता."

मला तो दिवस आठवतो. तू बराच वेळ बोलत होतास. बाबा "हो, हो, बरं" म्हणाले, मग "ठीक आहे, ठेवतो" म्हणून फोन मला परत दिला. मी कानाला लावेपर्यंत तू कट केला होतास. त्यानंतर तू कोणाचाच फोन घेतला नाहीस, घरच्या ग्रुपमधूनही बाहेर पडलास. आम्ही घरात म्हणत होतो, अशू फार कठोर झाला. आणि तू तिकडे बाबांबद्दल तेच म्हणत असशील.

बाबांनी मला विचारलं, "काय म्हणत होता तो?"

मी म्हटलं, मला माहीत नाही, बाबा. मी नव्हते ऐकत.

"मले वाटलं, तो रागात बोलून राह्यला. समजत तं काहीच नव्हतं. म्हटलं, हो म्हनून द्या, पोरगं आहे." ऑटो आला. ते बसले नाहीत. ऑटोवाल्याला हातानेच थांबायची खूण केली आणि मला म्हणाले, "त्याले विचारजो."

म्हणून विचारते. दादा, त्या दिवशी तू फोनवर बाबांना जे म्हणालास, ते कागदावर लिहून पाठव. जसं म्हणालास तसंच, रागाचं असेल तर रागाचं. पत्र बाबांच्या नावाने टाक. मी फोडणार नाही, वाचून दाखवणार नाही, ते स्वतः वाचणार आहेत.

मोठ्या अक्षरात लिहायची गरज नाही. डोळे त्यांचे अजून चांगले आहेत.

पौर्णिमा